कॉन्ट्रास्ट सीटी: नसेत गेलेलं आयोडीन आणि घड्याळाचे सेकंद

चिठ्ठीवर 'सीईसीटी ॲब्डोमेन', म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन पोटाचं सीटी, लिहिलेलं असतं, खाली 'क्रिएटिनिन करून या', म्हणजे किडनीसाठीची रक्ततपासणी. इंदूरला गीता भवनकडच्या केंद्रात जा नाहीतर एमवाय या सरकारी रुग्णालयात, ही चिठ्ठी हातात पडली की घरात दोन प्रश्न निघतातच. साध्या सीटीत भागणार नाही का? आणि त्या डायने, म्हणजे नसेत सोडायच्या कॉन्ट्रास्टच्या औषधाने, किडनीला काही होणार तर नाही ना?

पहिला प्रश्न रास्त आहे. मुतखडा शोधायचा असेल, डोक्याला मार लागून ताजा रक्तस्राव झाल्याची शंका असेल, तर साधं सीटीच करतात. सीटीच्या मापात पाणी शून्यावर आणि हवा उणे हजारावर धरलेली आहे; आकडा जितका मोठा तितकं पडद्यावर पांढरं. खडा कित्येक शेकड्यांत जातो, म्हणून तो आपोआप उठून दिसतो. उलट कॉन्ट्रास्ट लघवीत उतरल्यावर लघवीही पांढरी दिसते आणि बारीक खडा तिच्यात लपतो. अडचण मऊ अवयवांची आहे. यकृत साधारण ५५ ते ६५, रक्त ४० च्या आसपास, आणि यकृतातली गाठही बहुधा त्याच पट्ट्यात. पडद्यावर सगळं एकसारखं करडं दिसतं. गाठ समोर असूनही डोळ्याला सापडत नाही.

इथे आयोडीन कामाला येतं. त्याचा अणुक्रमांक ५३, आणि ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वरच्या ऊर्जेचे क्ष-किरण ते एकदम जास्त शोषतं. सीटीच्या किरणांत या ऊर्जेचा वाटा चांगला असतो. यंत्राचा दाब १२० ऐवजी १०० किलोव्होल्टवर आणला, तर आयोडीन आणखी उजळतं आणि कमी औषधात काम होतं. सडपातळ रुग्णात हे सहज जमतं, जाड रुग्णात चित्र दाणेदार होतं. औषधाच्या रेणूत बेन्झिनच्या एका कड्याला आयोडीनचे तीन अणू घट्ट बांधलेले असतात. '३५०' लिहिलेल्या बाटलीच्या दर मिलिलिटरमध्ये ३५० मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३५ ग्रॅम. शरीराची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. दोन लाख पटींहून जास्त आयोडीन मिनिटभरात नसेत जातं आणि तरी बहुतेकांना काही होत नाही, कारण ते बांधलेलंच राहतं आणि तसंच लघवीवाटे निघून जातं. मूत्रपिंडं ठीक असतील तर निम्मं दोनेक तासांत जातं, जवळपास सगळं २४ तासांत. औषध पाण्यासारखं बिनरंगी असतं, त्यामुळे लघवीचा रंग बदलत नाही.

जुनी औषधं मात्र खरोखर त्रासदायक होती. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी, २९० च्या घरात, त्यांची १५०० च्या वर. नसेत आग व्हायची, ओकाऱ्या व्हायच्या. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांनी १९६० च्या दशकात विद्युतभार नसलेल्या रेणूंची कल्पना मांडली. आजची आयोहेक्सॉल, आयोप्रोमाइड ही त्याच वाटेवरची, ६०० ते ८५० च्या दरम्यानची. आयोडिक्सॅनॉल तर रक्ताच्या बरोबरीचं. 'डाय सोसत नाही' ही घराघरांतली भीती बरीचशी त्या जुन्या बाटल्यांची आहे.

आता टेबलावर काय होतं ते पाहू. कोपराच्या खळग्यातल्या नसेत हिरवी (१८ गेज) किंवा गुलाबी (२० गेज) कॅन्युला, म्हणजे नसेत ठेवायची नळी, हवी; गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. वॉर्डातून आलेल्या रुग्णाच्या हाताच्या पाठीवर बऱ्याचदा पिवळी २४ गेजची असते. सलाईनला ती चालते, पण सेकंदाला ४ मिलिलिटरच्या वेगापुढे टिकणार नाही. म्हणून पुन्हा टोचतात. त्यात हलगर्जी नाही, उलट न टोचणं हीच हलगर्जी ठरेल. बाटली ३७ अंशांवर कोमट केलेली असते. ३५० चं आयोहेक्सॉल खोलीच्या तापमानापेक्षा इथे जवळपास निम्मं चिकट असतं. इंजेक्टरला दोन सिरिंज: एकीत कॉन्ट्रास्ट, दुसरीत सलाईन. आधी सलाईन सोडून नस धडधाकट आहे का पाहतात, मग ८० ते १०० मिलिलिटर कॉन्ट्रास्ट, त्यामागोमाग ३० ते ४० मिलिलिटर सलाईन. हे मागचं सलाईन नसलं तर बरंच औषध दंडाच्या नसेतच रेंगाळतं.

खरी करामत वेळेची. महाधमनीवर एक छोटं वर्तुळ आखून यंत्र दर एक-दोन सेकंदांनी तेच चित्र घेत राहतं. वर्तुळातला आकडा १०० ते १५० च्या पुढे गेला की 'सांस रोकिए' ऐकू येतं आणि स्कॅन सुरू होतो. हृदय अशक्त असेल तर औषध उशिरा पोचतं. नुसतं घड्याळ लावून स्कॅन केला तर अशा रुग्णात धमन्या भरायच्या आधीच चित्र निघून जाईल. ३० ते ३५ सेकंदांना धमन्या उजळतात, ७० सेकंदांच्या आसपास यकृत, आणि ३ ते ५ मिनिटांनी उशिराची फेरी. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, पण तिथल्या मूळच्या कर्करोगाची गाठ मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसलेली असते. म्हणून ती पहिल्या फेरीत यकृताआधी उजळते आणि पुढच्या फेऱ्यांत आजूबाजूपेक्षा काळवंडते. निरुपद्रवी हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) मात्र कडेकडेने ठिपक्यांसारखा भरत आत सरकतो. तपासणी एकच, पण सेकंद चुकले तर यांतला फरक हातचा जातो. 'तीन वेळा स्कॅन कशाला, बिल वाढवायला?' याचं उत्तर यात आहे. अर्थात प्रत्येक पोटदुखीला तीन फेऱ्या लागत नाहीत, बहुतेकदा ७० सेकंदांची एकच पुरते.

औषध जाताना अंगभर गरम लाट येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाली की काय असं वाटतं. मिनिटभरात ओसरतं, ही ॲलर्जी नव्हे. कोपरापाशी ठणका लागून सूज आली तर मात्र लगेच ओरडून सांगा. औषध नसेबाहेर चाललंय, इंजेक्टर थांबवलाच पाहिजे. मग हात उंच धरून थंड शेक. खाज, गांधी, घशात आवळल्यासारखं होणं ही ॲलर्जीची खूण. गंभीर प्रतिक्रिया क्वचित येते, पण आली तर बहुधा पहिल्या वीस मिनिटांतच. म्हणून अर्धा तास बसवून ठेवतात आणि कॅन्युला काढत नाहीत. तिथलं पहिलं औषध ॲड्रेनालिन: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत.

मासे-कोळंबी सोसत नाही म्हणून घाबरू नका. ती ॲलर्जी त्यांच्यातल्या प्रथिनांची, आयोडीनची नव्हे. पूर्वी कॉन्ट्रास्टनेच गांधी उठल्या असतील तर तेव्हाच्या औषधाचं नाव घेऊन या. दुसरं औषध निवडता येतं, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या बऱ्याच तास आधीपासून सुरू कराव्या लागतात, टेबलावर चढताना नव्हे.

किडनीचा प्रश्न क्रिएटिनिनच्या नुसत्या आकड्यावर सुटत नाही. १.२ हा आकडा तरण्या पहिलवानाला ठीक, चाळीस किलोच्या आजीबाईंना तसा नाही. वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ३० च्या खाली असेल तर तोलूनमापून निर्णय घ्यावा लागतो, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी थांबवून ४८ तासांनी किडनी पुन्हा तपासूनच सुरू करतात. ३० च्या वर आणि किडनीला ताजी इजा नसेल तर ती गोळी बंद करायची गरज नसते. जास्त घात होतो तो पाणी तोडल्याने. 'चार तास उपाशी' ऐकून खरगोनहून मे महिन्यात पहाटेच्या बसने निघालेला माणूस आदल्या रात्रीपासून घोटभरही पाणी पीत नाही आणि सुकलेल्या किडन्या घेऊन टेबलावर येतो. उपाशीपणाची अट ओकारीच्या जुन्या औषधांच्या काळातली. युरोपातल्या आताच्या मार्गदर्शनात ती नाहीच. केंद्र सांगत असेल तर पोहे नंतर खा, पण पाणी चालेल का हे फोनवर विचारून घ्या. मधुमेहाची गोळी घेऊन न्याहारी टाळणं तर सरळ धोक्याचं.

एमआरआयला कॉन्ट्रास्ट म्हणून आयोडीनऐवजी गॅडोलिनियम हा धातू वापरतात. त्यात जोडी नसलेले सात इलेक्ट्रॉन असतात, ते आसपासच्या पाण्याचं चुंबकीय वागणं बदलतात. मोकळं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते रेणूच्या पिंजऱ्यात बंद असतं. साठ किलोच्या माणसाला नेहमीच्या बाटलीतलं १२ मिलिलिटर पुरतं. २००६ मध्ये किडनी निकामी असलेल्यांची कातडी टणक करणारा आजार याच्याशी जोडला गेला, तेव्हापासून सैल रेषीय पिंजऱ्यांऐवजी घट्ट गोल पिंजऱ्यांकडे कल आहे. सोनोग्राफीत कॉन्ट्रास्ट म्हणून वापरलेले वायूचे बुडबुडे श्वासावाटे जातात, किडनीला त्यांचा त्रास नाही.

एकाच आठवड्यात बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या असतील तर क्रम आधी विचारा. थायरॉइडचा आयोडीन स्कॅन किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार ठरला असेल तर तो कॉन्ट्रास्ट सीटीच्या आधी उरका, नाहीतर ग्रंथी आयोडीनने भरलेली असते आणि सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. बेरियम पिऊन करायची तपासणी मात्र सीटीनंतर ठेवा. आतड्यात उरलेलं बेरियम सीटीवर पांढऱ्या रेघोट्या मारतं आणि स्कॅन वाया जातो.