झटका मशीन

झटका मशीन : शेताभोवतीच्या तारेत साधारण दर सव्वा सेकंदाला उच्च दाबाचा, पण अत्यंत अल्पकाळ टिकणारा विद्युत स्पंद सोडणारे यंत्र. सोलापूर जिल्ह्यात ज्वारी, मका, ऊस आणि डाळिंबाच्या राखणीसाठी ते वापरतात. मुख्य उपद्रव रानडुकरांचा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगत काळविटांचे कळपही ज्वारी-हरभऱ्यात उतरतात. काळवीट संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे त्याला इजा न करता माघारी वळवणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती असते आणि हे यंत्र नेमके तेवढेच करते.

रचना : १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब आतील इन्व्हर्टर सुमारे ५०० व्होल्टपर्यंत वाढवतो व त्यावर कपॅसिटर (विद्युत ऊर्जा साठवणारा घटक) भरत राहतो. कपॅसिटर भरला की एससीआर हा इलेक्ट्रॉनिक स्विच चालू होतो आणि साठलेली सगळी ऊर्जा स्पंद-ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यात एकदम ओततो. दुय्यम बाजूला ६,००० ते ९,००० व्होल्ट मिळतात. २० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ५०० व्होल्टला २.५ जूल ऊर्जा मावते. सव्वा सेकंदभर जेमतेम दोन वॅटने साठवलेली ही ऊर्जा पाव मिलिसेकंदात मोकळी झाली, तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती १० किलोवॅटवर जाते. सावकाश साठवायचे आणि झटक्यात सोडायचे, हेच उच्चदाब स्पंदशक्ती तंत्राचे मर्म.

याच तत्त्वावर बरेच शोध उभे आहेत. जर्मन अभियंते एर्विन मार्क्स यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या जनित्रात अनेक कपॅसिटर समांतर जोडणीत भरतात आणि ठिणगी-फटींमधून एकसर जोडणीत रिकामे करतात. त्यामुळे त्यांच्या दाबांची बेरीज होते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील काली-५००० या इलेक्ट्रॉन त्वरकात असेच जनित्र आहे. मूतखडा बाहेरूनच फोडणाऱ्या यंत्राने पहिल्या रुग्णावर फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला उपचार झाला. त्यात पाण्याखाली ठिणगी पाडून उठणारी आघातलहर खड्यावर एकवटतात. जमिनीखालच्या वीजकेबलचा दोष ‘धप्’ अशा आवाजावरून शोधणारे यंत्रही याच कुळातले. कुंपणापुरते बोलायचे, तर न्यूझीलंडमधील रुआकुरा संशोधन केंद्रात डग फिलिप्स यांनी १९६२ मध्ये कपॅसिटर रिकामा करण्याची पद्धत कुंपणात आणली. त्याआधीच्या यंत्रांचा जोर तारेला गवत टेकले की ओसरून जाई.

सुरक्षितता : आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पंद १० मिलिसेकंदांहून लहान असावा, दोन स्पंदांत किमान सेकंदाचे अंतर असावे आणि ५०० ओहमच्या भारात ५ जूलपेक्षा जास्त ऊर्जा जाऊ नये. झटका जोराचा बसतो, पण स्नायू लगेच मोकळे होतात आणि हात सुटतो. २३० व्होल्टचा घरगुती प्रवाह सलग वाहतो. त्याने मूठ तारेवर आवळली जाते आणि काही दशांश अँपिअरही नव्हे, तर त्याहून कमी प्रवाहाने हृदयाची लय बिघडते. म्हणून आकडा टाकून किंवा मोटारीच्या पेटीतून तारेत थेट वीज सोडणे म्हणजे मृत्यूचा सापळा लावणे होय. त्यात शेजारचा शेतकरी, रात्री पाणी द्यायला गेलेला गडी आणि जनावरे मरतात, आणि लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. झटका मशीनही काटेरी तारेला जोडू नये, कारण अडकलेल्या माणसाला सुटता येत नाही. एकाच तारेवर दोन मशीन लावली, तर स्पंदांमधले अंतर मोडते. रस्त्यालगत दर १०० मीटरला मराठी पाटी हवी. आषाढीच्या दिवसांत माळशिरस-पंढरपूर वाटेवर वारकरी बांधांवर विसावतात, तेव्हा त्या बाजूची तार बंदच ठेवावी.

अर्थिंग : बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते. स्पंद तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत आला, तरच झटका बसतो. दीड ते दोन मीटर लांबीचे तीन जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) रॉड एकमेकांपासून तीन मीटरवर ठोकावेत. घराच्या किंवा डीपीच्या अर्थिंगपासून ते निदान १० मीटर दूर असावेत. सांगोला-मंगळवेढ्याकडची मुरमाड जमीन मार्चनंतर इतकी कोरडी पडते, की तार भरलेली असूनही डुक्कर निवांत आत शिरते. काळ्या रानाची अडचण वेगळी. उन्हाळ्यात माती आकसते, रॉडभोवती बोटभर भेग पडते आणि संपर्कच तुटतो. रॉड ठिबकच्या ड्रिपरखाली ठोकणे हा दोन्हींवरचा सोपा उपाय. तेवढ्याने भागले नाही, तर एकाआड एक तार अर्थला जोडावी. मग जनावर दोन तारांना एकदम शिवले की जमीन कोरडी असली तरी झटका लागतो.

अर्थिंग तपासताना मशीन बंद करून १०० मीटरवर दोन-तीन लोखंडी पहारी जमिनीत रोवून तारेला टेकवाव्यात. मशीन चालू केल्यावर तारेचा दाब २,००० व्होल्टच्या खाली यायला हवा. आता कुंपण-मीटरचे एक टोक शेवटच्या रॉडला आणि दुसरे मीटरभर लांब जमिनीत लावावे. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर आणखी रॉड ठोकावा. साधा मल्टिमीटर इथे वापरू नये, तो जळतो.

तारा : डुकरासाठी जमिनीपासून २०, ४५ व ७५ सेंटिमीटरवर तीन तारा पुरतात. सर्वांत खालची तार नेमकी ओल्या नाकाच्या उंचीवर हवी. ती उंच बसली, तर झटका राठ केसांवर जातो आणि डुक्कर मागे न फिरता पुढेच मुसंडी मारते. काळविटासाठी १२० ते १५० सेंटिमीटरपर्यंत आणखी तारा लागतात. शेवटच्या टोकाला किमान ४,००० व्होल्ट मिळायला हवेत.

बिघाड : दाब पडला की आधी तारेला टेकलेले गवत, हरळी आणि उसाचे लोंबते पाचट पाहावे. उसापासून तार मीटरभर लांबच बरी. इन्सुलेटरऐवजी ठिबकच्या नळीचे तुकडे लावतात. ते उन्हाने तडकतात आणि पहिल्या पावसात गळती सुरू होते. डुकरांसाठी बांधावर लावलेली जुनी साडी भिजून तारेवर पडली, तर एकटी साडी अख्खी बाजू मारते. तांब्याची तार जी.आय. तारेला पिळून जोडल्यास सांधा गंजतो. गळतीची जागा रात्री निळसर ठिणगीवरून आणि ‘टक्’ आवाजावरून सापडते. मीडियम वेव्हवर लावलेला रेडिओ घेऊन तारेच्या कडेने चालल्यास जवळ येताच खरखर वाढते.

मशीन रात्रभरात साधारण साडेतीन अँपिअर-तास घेते. १२ अँपिअर-तासांची बॅटरी आणि २० वॅटचे सोलर पॅनल असेल, तर दोन ढगाळ दिवस निभावतात. सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या पेटीतील बॅटरीचे पाणी लवकर आटते, म्हणून ती सावलीत ठेवावी. वळवाचे ढग दिसताच मशीनची तार काढून ठेवावी, कारण वीज कुंपणावर पडली की पहिला एससीआर जातो. झाकण उघडण्याआधी बॅटरी सोडवून कपॅसिटरची टोके १ किलो-ओहमच्या वायरवाऊंड रेझिस्टरने जोडावीत आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच आत हात घालावा. बदली कपॅसिटर स्पंद सोसणारा पॉलिप्रॉपिलीनचाच घ्यावा. फिल्टरसाठीचा इलेक्ट्रोलिटिक बसवला, तर तो लवकरच फुगतो.