मधुमेहातील आहार (दुसरा प्रकार)

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी केलेली रोजच्या जेवणाची आखणी. बोलताना लोक याला ‘शुगरचं पथ्य’ म्हणतात. या आजारात शरीर इन्सुलिन तयार करते, पण यकृत आणि स्नायू त्याला पुरेशी दाद देत नाहीत. पुढे इन्सुलिन बनवणारे स्वादुपिंडही थकत जाते. उपाशीपोटी साखर १२६ मिग्रॅ. (दर डेसिलिटर) किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारे एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक आले, की फेरतपासणी करून निदान पक्के करतात.

आहाराचा उपाय इन्सुलिनच्या शोधापेक्षा (१९२१) पुष्कळ जुना आहे. चरकसंहितेत प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांच्या) रुग्णाला जव खायला सांगितले आहेत. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडून अन्न तुटले, तेव्हा रुग्णांच्या लघवीतील साखर घटल्याचे फ्रेंच वैद्य बूशार्दा यांनी टिपले. याचे कारण अलीकडे उलगडले. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी २०११ मध्ये ११ रुग्णांना आठ आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. यकृतातली चरबी उतरू लागली आणि आठवडाभरातच उपाशीपोटीची साखर पूर्ववत झाली. २०१७ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, वजन कमी करणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. याला ‘रोगमुक्ती’ म्हणू नये. वजन परतले की बहुधा साखरही परतते.

बारीक माणसाला हा आजार होत नाही, हा समज घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर सडपातळ दिसूनही पोटात चरबी साठवते, ते असे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर गोव्यात सर्वाधिक म्हणजे २६.४ टक्के आढळले.

महाराष्ट्रात पथ्य म्हटले की पहिला सल्ला येतो, ‘पोळी बंद, भाकरी सुरू’. आकडे पाहिले तर त्यात फारसा जीव नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, न चाळलेल्या कणकेत सुमारे ६४. तंतू दोन्हींत १०-११ ग्रॅम. पांढऱ्या तांदळात मात्र कर्बोदके ७८ आणि तंतू तीनहून कमी. भाकरी चांगलीच, पण पोटभर खाण्याची मुभा कोणत्याही धान्याला नाही. खरा फरक ताट वाढण्यात आहे. आपल्या ताटाची डावी बाजू चिमूटभर कोशिंबिरीवर भागते, ती भरगच्च करावी. पालेभाजी किंवा फळभाजी मिळून निम्मे ताट भाज्यांचे, पाव भाग मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण, मासा किंवा अंडी, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. आधी कोशिंबीर व उसळ, शेवटी भात असा क्रम ठेवला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. असे ताट घरातल्या सगळ्यांनीच घ्यावे. एकट्यासाठी वेगळे शिजवलेले पथ्य फार दिवस टिकत नाही आणि रुग्णाला रोज आजाराची आठवण करून देते.

गूळ साखरेपेक्षा सुरक्षित नाही. त्यातही मुख्यतः तीच साखर असते. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे दिवसाला ३५-४० ग्रॅम साखर, आणि ती कुणी जेवणात मोजत नाही. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे; त्यापेक्षा राजगिरा बरा. फळे वर्ज्य नाहीत. पेरू, जांभूळ चालतात. आंबा, चिकू एखादी फोड. रस काढला की तंतू जातो, साखर उरते.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली दिवसातून दोनच जेवणांची, प्रत्येक ५५ मिनिटांत संपवायची पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी स्वीकारली आहे. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना हे किंवा कुठलेही कडक पथ्य डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय सुरू करू नये, साखर धोकादायक उतरते. मूत्रपिंड बिघडले असेल तर डाळी-उसळींचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होऊन साखर ७० च्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.