छात्रपूर्व प्रशिक्षण (नाशिक)

सैन्यदलांत अधिकारी होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला सेवा निवड मंडळापुढे (एसएसबी) जाण्याआधी दिले जाणारे शिक्षण. अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनी खडकवासला, डेहराडून, चेन्नई अशा ठिकाणी आहेत. नाशिकला होते ती त्याआधीची तयारी. देवळालीचे तोफखाना विद्यालय या सदरात मोडत नाही. तेथे येणारे तरुण अधिकारी खांद्यावर तारे लावूनच, म्हणजे आधीच अधिकारी होऊन येतात.

सरकारी मराठीत ‘कॅडेट’साठी ‘छात्र’ रूढ आहे. त्याचा ‘क्षत्र’शी जोडला जाणारा संबंध निराधार होय. पाणिनी (४.४.६२) हा शब्द ‘छत्र’पासून साधतो आणि गुरूची वैगुण्ये झाकणारा तो छात्र, असे काशिकाकार (पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या टीकेचे कर्ते) त्यावर सांगतात. ‘कॅडेट’चे मूळ गॅस्कन भाषेतील ‘काप्देत’ म्हणजे लहान प्रमुख. पुढे धाकटा मुलगा या अर्थावरून तो शब्द फौजेत शिरला.

नाशिकमधील परंपरेचा आरंभ सामान्यतः डॉ. बा. शि. मुंजे (१८७२–१९४८) यांच्यापासून धरतात. त्यांनी १९३५ मध्ये सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. स्थापनेची दोन वर्षे आढळतात ती यामुळे: एक संस्थेचे, दुसरे शाळेचे. कल्पनेच्या उगमाबद्दल मात्र मतभेद आहेत. गोलमेज परिषदेच्या दौऱ्यात मुंजे मार्च १९३१ मध्ये इटलीत गेले, बालिल्ला ही फॅसिस्ट युवक संघटना त्यांनी पाहिली आणि मुसोलिनीची भेट घेतली. या भेटीचा त्यांच्या रोजनिशीतील वृत्तांत इतिहासकार मार्झिया कसोलारी यांनी पुढे आणला व त्या प्रभावावर भर दिला. दुसरा पक्ष लष्कराच्या भारतीयीकरणाच्या चळवळीकडे बोट दाखवतो: याच प्रश्नावर नेमलेल्या स्कीन समितीने १९२६ च्या सुमारास भारतीय सँडहर्स्टची (सँडहर्स्ट ही ब्रिटनमधील अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) शिफारस केली होती, १९३२ मध्ये डेहराडूनची प्रबोधिनी उघडली, आणि तिच्या प्रवेशाला टिकतील अशी मुले तयार करणाऱ्या शाळा हव्या होत्या. मुंजे स्वतः बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून जाऊन आले होते, म्हणजे लष्करी शिक्षणाची ओढ इटलीच्या आधीची. गरज येथली आणि शिस्तीचा नमुना काही अंशी तिकडचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. शाळेतील विद्यार्थ्यांना आजही ‘रामदंडी’ म्हणतात.

आजच्या छात्रपूर्व वर्गांचा रोख मुख्यतः निवड मंडळावर असतो. नाशिक रोड येथील राज्य सैनिक कल्याण विभागाचे केंद्र एसएसबीची तयारी निवास-भोजनासह विनाशुल्क करून घेते. खुद्द मंडळाची पद्धत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नमुन्यावरून आली. चाचणी पाच दिवसांची असून पहिल्याच दिवशीच्या चाळणीत बरेच जण परत पाठवले जातात. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटचाचणी अधिकारी हे तिघे उमेदवाराला स्वतंत्रपणे जोखतात. यालाच मनसा-वाचा-कर्मणा म्हणतात. मानसशास्त्रीय चाचण्यांपैकी एकीत साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, तेवढ्यात शब्द पाहून वाक्य लिहायचे. घोकलेली वाक्ये येथे लगेच उघडी पडतात.

मैदानावर छातीवर क्रमांक लावलेल्या गटाला फळी, बल्ली (लाकडी वासा), दोरी आणि एक ओझे मिळते. लाल रंगाला कोणी शिवायचे नाही, फळी-बल्ली एकमेकींना घट्ट बांधायच्या नाहीत, चार फुटांहून रुंद अंतर उडी मारून ओलांडायचे नाही. फळी तोकडी पडते तेव्हा एक जण ओरडतो, दुसरा गप्प राहून बल्ली सरकवतो. नोंद दोघांचीही होते. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटे.

निवड आणि वैद्यकीय तपासणीनंतर गुणवत्ता यादीत नाव आले की प्रबोधिनी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे, त्यानंतर लष्करासाठी डेहराडूनला एक वर्ष. पदवीधरांना थेट डेहराडूनला सुमारे दीड वर्ष, चेन्नईला ४९ आठवडे. पहिल्या सत्राचा धसका पळण्यापेक्षा घड्याळाचा असतो. पीटीचे कपडे उतरवून काही मिनिटांत कवायतीच्या गणवेशात उभे राहायचे, चुकले की ‘रगडा’, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा. कवायतीची चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत बाहेर जायची सुट्टी नाही. नापास छात्र एक सत्र मागे टाकला जातो. घरी रडवेले फोन येतात ते बहुधा याच काळात.

मुलींसाठी ही वाट उशिरा खुली झाली. चेन्नईत महिला १९९२ पासून आहेत, खडकवासल्यात मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली व मे २०२५ मध्ये बाहेर पडली. मुलांसाठी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) १९७७ पासून असलेल्या सेवापूर्व शिक्षण संस्थेच्या धर्तीवर राज्याने मुलींची संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू केली.