जे-२० च्या पाठीवरचा उंचवटा काय सांगतो?

डिसेंबर २०२२ मधे चीनमधून एक फोटो बाहेर आला. जे-२० हे स्टेल्थ (रडारला सहज न दिसणारं) फायटर विमान, अजून रंग न दिलेलं, पिवळ्या प्रायमरमधलं, आणि कॉकपिटच्या काचेमागची पाठ नेहमीपेक्षा वर आलेली. बास, एवढाच फरक. पण त्या उंचवट्यावर जगभरच्या विमानप्रेमींनी कित्येक आठवडे डोकं लावलं आणि मला विचाराल तर ते योग्यच होतं, कारण स्टेल्थ विमानाचा आकार कोणी सहज म्हणून बदलत नाही, जरा कुठे फुगवटा आला की रडारचं सगळं गणित परत तपासायला लागतं, विंड टनेल परत, टेस्ट फ्लाइट परत. म्हणजे कारण तसंच मोठं असणार.

आधी थोडी पार्श्वभूमी. जे-२० चेंगदूच्या कारखान्यात बनतं, पहिलं उड्डाण ११ जानेवारी २०११ ला झालं, नेमके तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमधे होते. २०१६ च्या नोव्हेंबरमधे झुहाईच्या एअरशोमधे लोकांना पहिल्यांदा उघडपणे दाखवलं आणि २०१७ मधे ते सेवेत आल्याचं चीननं जाहीर केलं. या सगळ्या काळात अधिकृत माहिती फारच थोडी मिळाली. बाकी जे काय कळलं ते एअरफील्डच्या भिंतीबाहेरून काढलेल्या फोटोंमधून, सॅटेलाइट इमेजमधून, आणि शेपटीवरचे नंबर जुळवत बसणाऱ्या चिकट लोकांकडून. फोटोत रडार किती ताकदीचं आहे ते दिसत नाही, सॉफ्टवेअर दिसत नाही, कोटिंग कशाचं आहे ते दिसत नाही. दिसतो तो फक्त आकार. पण आकार खोटं बोलू शकत नाही, त्याला हवेचे आणि रेडिओ लहरींचे नियम पाळावेच लागतात, म्हणून जे अंदाज आकारावरून बांधले गेले ते बरेचसे टिकले असं माझं ठाम मत आहे.

तर तो उंचवटा. १९५०च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्ब नावाच्या इंजिनिअरनं एक गोष्ट दाखवून दिली की आवाजाच्या वेगाच्या आसपास विमानाला होणारा हवेचा विरोध हा नुसत्या नाकाच्या टोकावर किंवा पंखाच्या जाडीवर ठरत नाही, तर पूर्ण विमानाचे आडवे काप घेत गेलं तर प्रत्येक कापाचं क्षेत्रफळ किती सावकाश वाढतं आणि कमी होतं त्यावर ठरतो. कुठे एकदम वाढलं किंवा एकदम घसरलं की तिथे शॉक वेव्ह तयार होते आणि इंजिनाची ताकद त्यात वाया जाते. यालाच एरिया रूल म्हणतात. अमेरिकेचं वायएफ-१०२ हे विमान सरळ उडताना आवाजाचा वेग ओलांडतच नव्हतं, मग त्याची कंबर बारीक केली, शेपटीकडे भर घातली, आणि १९५४ च्या शेवटी ते सुधारलेलं विमान माक १ च्या, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या, पुढे गेलं. बोइंगच्या जंबो जेटचा वरचा मजला मागे लांबवला तेव्हा पण विमान किंचित वेगानं जायला लागलं, वरचं कुबड हळू उतरतं झालं म्हणून.

जुन्या जे-२० ला काचेचा फुगा आहे, त्यामागे पाठ पटकन खाली उतरते. नवीनमधे ती उतरण भरून काढली. त्यामुळे सुपरसॉनिक वेगात विरोध कमी होणार, शिवाय आत इंधन किंवा इलेक्ट्रॉनिक्स ठेवायला जागा मिळणार. तोटा एवढाच की पायलटला मागचं थोडं कमी दिसतं. आता प्रश्न असा की सुपरसॉनिक विरोध कमी करायची एवढी गरज कोणाला असते? ज्याला आफ्टरबर्नर (जोर वाढवायला इंजिनाच्या मागच्या भागात जास्तीचं इंधन जाळणं) न लावता माक १ च्या वर जात राहायचंय त्याला. म्हणजे सुपरक्रूझ. आणि त्यासाठी इंजिन पाहिजे. म्हणून तो फोटो बघितल्या बघितल्या जाणकारांच्या तोंडी एकच नाव आलं, डब्ल्यूएस-१५ हे नवीन चिनी इंजिन.

खरं तर जे-२० ची सगळी गोष्ट ही इंजिनाचीच गोष्ट आहे. एअरफ्रेम, म्हणजे विमानाचं शरीर, आधी तयार झाली, इंजिन मागे राहिलं. सुरुवातीची विमानं रशियन एएल-३१ वर उडत होती, नंतर चिनी डब्ल्यूएस-१०सी आलं. हा बदल लोकांनी कसा ओळखला, तर मागच्या नोझलच्या (इंजिनाचा झोत जिथून बाहेर पडतो त्या तोंडाच्या) पाकळ्यांवरून. चिनी इंजिनाच्या पाकळ्यांची टोकं करवतीसारखी दातेरी आहेत, रडारच्या लहरी सरळ परत जाऊ नयेत म्हणून. ही दोन्ही इंजिनं साधारण १४ टन थ्रस्टच्या (पुढे ढकलणाऱ्या जोराच्या) गटातली. २१ मीटरच्या आसपास लांब असलेल्या एवढ्या वजनदार विमानाला ते पुरतं, पण मूळ डिझाइनला जे पाहिजे होतं ते हे नाही. डब्ल्यूएस-१५ चा अंदाज १६ ते १८ टनांचा लावला जातो, आणि दोन डब्ल्यूएस-१५ लावलेलं जे-२० उडाल्याची बातमी जून २०२३ च्या अखेरीला आली. मजा बघा, २०२२ च्या त्या पहिल्या उंच पाठीच्या विमानावर इंजिनं डब्ल्यूएस-१०सीच होती. म्हणजे शरीर परत एकदा आधी तयार.

एवढा वेळ का लागतो? टर्बाइनमधून जाणारा वायू १६०० अंश सेल्सिअसच्या वर असतो आणि ब्लेड ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं ते १३००-१४०० लाच वितळायला लागतं. तरी ते टिकतं, कारण ब्लेड आतून पोकळ असतं, कॉम्प्रेसरमधली थोडी थंड हवा आतून फिरवून बारीक बारीक भोकांतून बाहेर सोडतात, तिचा पातळ थर ब्लेडवर पसरतो, वरून सिरॅमिकचं कोटिंग. आणि अख्खं ब्लेड एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, कारण उष्णतेत आणि ताणात धातू तुटायला सुरुवात होते ती स्फटिकांच्या सांध्यांपासून, सांधाच नाही तर तुटायला जागा नाही. हे एक ब्लेड लॅबमधे बनवणं वेगळं आणि तेच हजारोंनी, प्रत्येक सारखं, कारखान्यातून काढणं वेगळं. आपल्या कावेरी इंजिनाचा प्रवास ज्यांनी बघितलाय, १९८९ ला मंजुरी आणि २००८ मधे तेजसपासून वेगळं केलं गेलं, त्यांना हे जास्त सांगायला नको.

दुसरा मोठा व्हेरिएंट (बदललेली आवृत्ती) म्हणजे दोन सीटचं जे-२०एस, ऑक्टोबर २०२१ मधे धावपट्टीवर पळताना दिसलं. त्यावर पहिला अंदाज होता ट्रेनरचा. मला तो तेव्हाही पटला नव्हता, आजचे सिम्युलेटर असताना फक्त शिकवण्यासाठी इतकं महाग विमान कोण बनवेल, अमेरिकेनं आपल्या एफ-२२ स्टेल्थ फायटरचा दोन सीटचा प्लॅन १९९६ मधेच सोडून दिला होता. दुसरी सीट लढाईसाठी लागते. पुण्यात लोहगावला सुखोई-३० उडताना बघतो आपण, त्यात मागे बसलेला माणूस सेन्सर आणि हत्यारं सांभाळतो, पुढचा विमान चालवतो. भारतानं रशियाबरोबरच्या पाचव्या पिढीच्या (स्टेल्थ) फायटरच्या प्रोजेक्टमधे दोन सीट मागितल्या होत्या त्या पण याच विचारातून, तो प्रोजेक्ट २०१८ मधे आपण सोडला ही गोष्ट वेगळी. जे-२०एस मधे मागच्या माणसाकडे सोबत उडणारे ड्रोन सांभाळायचं काम असेल हा अंदाज आता जवळजवळ सगळ्यांनीच धरलाय. ३ सप्टेंबर २०२५ च्या बीजिंग परेडमधे जे-२०, जे-२०ए (म्हणजे ते उंच पाठीचं) आणि जे-२०एस तिन्ही होते, म्हणजे हे व्हेरिएंट आता अफवा राहिलेले नाहीत.

चुकलेले अंदाज पण बघायला हवेत. सुरुवातीला आकार बघून बऱ्याच जणांनी हे बॉम्बर आहे असं ठरवून टाकलं. पण मुख्य वेपन बे (पोटातला हत्यारांचा कप्पा) उथळ निघाला, त्यात चार पीएल-१५ मिसाइल बसतात, बाजूच्या छोट्या कप्प्यांत प्रत्येकी एक पीएल-१०. हा हवेतल्या लढाईचाच साज आहे, आणि मोठं शरीर इंधनासाठी, लांब जाऊन टँकर (हवेत इंधन देणारी) आणि अवॅक्स (उडतं रडार असलेली) विमानांना गाठता यावं म्हणून. दुसरा चुकलेला अंदाज नौदलाच्या जे-२० चा. विमानवाहू जहाजावर जागेची मारामार, त्यामुळे निवड झाली शेनयांगच्या लहान विमानाची, २०१२ मधे उडालेल्या एफसी-३१ पासून वाढवत आणलेल्या जे-३५ ची, आणि फुजियान जहाजाच्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक कॅटापुल्टवरून (विमानाला झटक्यात वेग देणाऱ्या यंत्रणेवरून) ते उडताना चीननं २०२५ मधे दाखवलं पण.

आणि मग २६ डिसेंबर २०२४. चेंगदूवर शेपटी नसलेलं, तीन इंजिनांचं भलंमोठं नवीन विमान दिसलं, सोबत उडत होतं जे-२०एस. शेपटी का नाही याचं उत्तर लहरींमधे आहे. फायटरच्या नाकातल्या रडारची लहर साधारण ३ सेंटीमीटरची, तिच्यासमोर तिरपे पृष्ठभाग आणि सरळ जुळवलेल्या कडा छान काम करतात. पण व्हीएचएफ रडारची लहर एक-दोन मीटरची असते, विमानाच्या शेपटीएवढी, आणि वस्तू लहरीएवढी असली की तिरपं-सरळ याला फार अर्थ राहत नाही, ती जोरात परावर्तन देते. १९९९ मधे सर्बियात अमेरिकेचं एफ-११७ हे स्टेल्थ विमान पाडलं गेलं तेव्हा त्याला आधी पकडणारं रडार याच जातीचं होतं. चीन असे रडार स्वतः बनवतो, त्यामुळे जे-२० ला त्याच्या शेपटीच्या उभ्या फिन आणि पुढचे कनार्ड (छोटे पंख) कुठे महागात पडतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! माझ्या मते याच कारणानं जे-२० चे पुढचे व्हेरिएंट आता आकारात फारसे बदलणार नाहीत, आकाराची झेप नवीन विमानात घेतली जाईल आणि जे-२० मधे इंजिन, रडार, ड्रोनशी बोलणारी लिंक एवढंच सुधारत राहील.

आपल्यासाठी हा लांबचा विषय नाही. मे २०२४ च्या सॅटेलाइट फोटोत सहा जे-२० तिबेटमधल्या शिगात्सेला उभी दिसली, आणि आपली राफेल जिथे आहेत ते पश्चिम बंगालमधलं हासिमारा तिथून ३०० किलोमीटरच्या आत येतं. शिगात्सेचा एअरपोर्ट जवळपास ३८०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, त्यामुळे तिथून पूर्ण इंधन आणि मिसाइल घेऊन उठणं इंजिनाला जड जातं. डब्ल्यूएस-१५ तिकडच्या विमानांवर आलं तर ही अडचण बरीच कमी होईल. म्हणून तिबेटचे पुढचे फोटो येतील तेव्हा विमानं किती आहेत हे मोजून झालं की पाठ उंच आहे का आणि नोझल कुठलं आहे ते नक्की बघा.