लाल दिसलं म्हणजे दुखतंय, असं नाही

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, वर्धेकडच्या एका कोठ्यात गेलो तर ढोरांचे डॉक्टर मोबाइलला इवलासा थर्मल कॅमेरा लावून गवळाऊ बैलाच्या पायाशी बसलेले. बैल दोन दिवसांपासून लंगडत होता. धनी लोणी-हळदीची वाटी घेऊन खोळंबला होता. डॉक्टरांचं म्हणणं, आधी फोटो, मग खांदा चोळा. चोळलं की रक्त धावतं, कातडी तापते, मग दुखण्याची ऊब कोणती नि चोळण्याची कोणती? स्क्रीनवरचा जांभळा-पिवळा बैल पाहून धनी म्हणाला, "एक्स-रे म्हनता, अन् हाडं कुठी हायेत याच्यात?"

नसणारच. एक्स-रे अंगातून आरपार जातो. हा कॅमेरा अंगावर काहीच सोडत नाही, कातडीतून निघणारे अवरक्त किरण तेवढे टिपतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला हे किरण १८०० साली सापडले, सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे ठेवलेला थर्मामीटर चढला तेव्हा. बैलाच्या कातडीचे किरण ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) सर्वांत जोरदार असतात. साधी काच त्यांना अडवते, म्हणून भिंग बहुधा जर्मेनियमचं.

खरी गंमत भिंगामागे आहे. तिथल्या चिपवर हजारो सूक्ष्म पापुद्रे असतात, बहुतेकदा व्हॅनेडियम ऑक्साइडचे. प्रत्येक पापुद्रा जागलीच्या मचाणासारखा बारीक पायांवर अधांतरी, आणि भोवती निर्वात, नाहीतर मिळालेली ऊब हवेत निघून जाईल. किरण पडले की पापुद्रा तापतो. एक अंश तापला तर त्याचा विद्युतरोध सुमारे २ टक्क्यांनी उतरतो. पण बैलाची कातडी एक अंशाने तापली, तरी पापुद्रा जेमतेम अंशाच्या शंभराव्या हिश्शाएवढा तापतो. म्हणजे रोधातला फरक ०.०२ टक्के! त्यात चिपची स्वतःची ऊब आड येते. म्हणून कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने स्वतःच्या डोळ्यापुढे झडप पाडतो, टक्, आणि सगळ्या पापुद्र्यांना एकच तापमान दाखवून त्यांचा हिशेब जुळवून घेतो. दर टक्-ला बैल कान टवकारत होता.

रंग मात्र सॉफ्टवेअरचे. चित्रात जे सर्वांत उबदार, त्याला लाल; त्यामुळे ठणठणीत बैलातही काहीतरी लाल दिसतंच. "मोबाइल धरा, रोग ओळखा" म्हणणारे व्हिडिओवाले हे सांगत नाहीत. बघायचं ते डाव्या-उजव्यातलं अंतर, तेही सावलीत, कोरड्या अंगावर. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी भिंतच बैलापेक्षा तापलेली असते, तिच्यापुढे तो गार दिसतो. गाईचा एखादा सड बाकीच्यांपेक्षा गरम दिसला तर काससुजीची शंका घ्यावी, पण दूध तपासायला हवंच.

या बैलाच्या फऱ्यावर सर्वांत लाल काय होतं? मागे कधीतरी तापल्या सळईने दिलेले दोन डाग. तिथे केस नाहीत, ऊब थेट बाहेर येते. डागाने दुखणं निघून जातं म्हणतात. जातं ते बैलाचं कातडं.

दुखणं खाली होतं. डाव्या पुढच्या पायाला, केस संपून खूर सुरू होतो तिथली कडा उजवीपेक्षा स्पष्ट उबदार होती. डॉक्टरांनी पाय उचलून खूर दाबला तसा बैलाने हिसडा दिला. बेचक्यात बाभळीचा काटा मोडलेला.

"उद्या तोरणाखाली नेऊ नका याला."

"मंग घरीच पुजतो," धनी म्हणाला आणि त्याने लोण्यात बोटं घातली.