रस्त्यावरची कुत्री, पन्नास रुपयांचा दंड आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल

सध्या मुंबईत कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की दहा मिनिटांत भांडण सुरू होतं, आणि त्यात एक वाक्य हमखास येतं, ते म्हणजे हे फीडर लोकांचं, म्हणजे भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांचं, खूळ आत्ता आत्ता सुरू झालंय, आधी असलं काही नव्हतं. हे मला मनापासून खटकतं, कारण या शहरात कुत्र्यांवरून दंगल झालीये, तीसुद्धा जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी, आणि आज ज्या कायद्याच्या जोरावर एखादी बाई रात्री स्टेशनबाहेर भाताचं पातेलं घेऊन उभी राहू शकते तो कायदा ज्यांच्या हट्टामुळे आला त्या बाईंचं नाव आपण फक्त भरतनाट्यमच्या संदर्भात घेतो. म्हणून ही थोडी पार्श्वभूमी.

तर १८३२. इंग्रजांच्या मुंबईत उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचा नियम आधीपासूनच होता, कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळायचं, आणि त्या वर्षी मारायची मुदत वाढवली होती. आठ आणे म्हणजे तेव्हा बरीच रक्कम, त्यामुळे लोक भटकीच काय, घरापुढे बसलेली कुत्रीही उचलून मारायला लागले. पारशी लोकांसाठी कुत्रा म्हणजे नुसतं जनावर नाही, माणूस गेल्यावर मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवायची, सगदीद, हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग आहे. ६ जूनला फोर्टात पारशांच्या जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना धरून मारलं, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, त्यात हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले, कुलाब्याच्या छावणीला जाणारी रसद अडवली गेली आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. मग पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय वगैरे मोठी माणसं मध्ये पडली, अर्ज-विनंत्या झाल्या आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची असं ठरलं. दोन वर्षांनी, १८३४ ला, हेच जमशेटजी आणि जैन व्यापारी शेठ मोतीशा यांनी मिळून भुलेश्वरची पांजरापोळ, म्हणजे निराधार जनावरांना सांभाळायची जागा, सुरू केली. पुढे १८७४ ला मुंबईची प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची सोसायटी आणि मग परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, जिथे आजही लोक जखमी कुत्रं, मांजर, घार काय वाट्टेल ते रिक्षात घालून नेतात. म्हणजे दानधर्म इथे भरपूर होता, कायदा मात्र जवळपास नव्हता.

होता तो १८९० चा इंग्रजांचा. त्यातली मुख्य कलमं लोकांना जाता येतं अशा जागेपुरतीच होती, म्हणजे बैलाला रस्त्यावर मारलंत तर गुन्हा, तेच बंद दाराआड केलं तर बहुतेक वेळा काहीच नाही. प्रयोगशाळेत काय चालतं हे विचारायची सोयच नव्हती.

इथे रुक्मिणीदेवी येतात. जन्म १९०४, मदुराई, घर थिऑसॉफिस्ट वळणाचं. सोळाव्या वर्षी जॉर्ज अरुंडेल या वयाने खूप मोठ्या इंग्रज माणसाशी लग्न केलं, मद्रासचं सनातनी समाजमन खवळलं. मग देवदासी करायच्या तो सदिर नाच, ज्याला पुढे भरतनाट्यम म्हणू लागले, शिकून १९३५ ला स्टेजवर केला, पुन्हा खवळलं. १९३६ ला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली. मुंबईशी त्यांचा एक धागा असा की १९२८ ला रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हा इथे आली होती तेव्हा अरुंडेल नवरा-बायको तिचा कार्यक्रम बघायला गेले होते, पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर पुन्हा भेट झाली आणि नाचाची ओढ तिथून लागली. हे सगळं सांगितलं कारण लोक काय म्हणतील याला न जुमानता वर्षानुवर्षं एक गोष्ट धरून ठेवायची सवय या बाईंना आधीच होती, आणि प्राण्यांच्या कामात तीच कामी आली.

१९५२ ला त्यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. नाचणारी, कलाकार बाई म्हणून सन्मानाने बसवलं असेल, त्यांनी मात्र प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणलं. देश नुकताच फाळणीतून सावरतोय, धान्याची टंचाई, आणि त्या वेळी एक खासदार बैलांच्या, माकडांच्या हालांवर बोलतेय याची कल्पना करा. आपल्याकडची माकडं तेव्हा पोलिओच्या लसीसाठी हजारोंनी परदेशी जात होती, १९५५ ला लंडनच्या विमानतळावर जवळजवळ चारशे माकडं गुदमरून मेली होती. नेहरूंनी सभागृहात त्यांच्या भावनेचं कौतुक केलं आणि विधेयक मागे घ्या, सरकार स्वतः चांगला कायदा आणेल, असं सांगितलं. त्यांनी घेतलं. मग समिती, मग अहवाल, आणि शेवटी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा. १९६२ ला प्राणी कल्याण मंडळ झालं, पहिल्या अध्यक्ष त्याच. १९७७ ला मोरारजी देसाईंनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं होतं, त्या नको म्हणाल्या. (त्याच मोरारजींच्या सरकारने १९७८ पासून माकडांची निर्यात पूर्ण थांबवली, ही फार मोठी गोष्ट होती आणि तिची आठवण कोणी काढत नाही.) १९८६ ला त्या गेल्या.

आता हा कायदा हातात घेऊन वाचला की वाईट वाटतं, कारण त्यांना हवं होतं ते आणि कागदावर आलं ते यात बरंच अंतर आहे. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० मध्ये ५० रुपये म्हणजे कोणाचा तरी अर्धा पगार असेल, आज कुत्र्याच्या अंगावर ॲसिड टाकणारा माणूस तेवढे पैसे वडापाववर उडवतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे याच कलमात भटकी कुत्री ठराविक पद्धतीने मारली तर ती क्रूरता धरायची नाही अशी स्पष्ट सूट आहे. प्रयोगांनाही सूट. पण माझ्या मते त्या बाईंचं खरं यश दंडाच्या आकड्यात नाहीच, ते मंडळात आणि नियम करण्याच्या अधिकारात आहे, कारण पुढे जे काही बदललं ते त्या दोन खुंट्यांना धरूनच बदललं.

मुंबईचंच बघा. पालिका वर्षानुवर्षं कुत्री पकडून कोंडवाड्यात विजेचा शॉक देऊन मारत होती आणि तरी कुत्री कमी होत नव्हती, कारण गल्लीतली मारली की जागा रिकामी होते, कचरा तिथेच असतो, शेजारची येतात, पिल्लं घालतात, दोन पावसाळ्यांत परत तेवढीच. १९८५ च्या आसपास शहरात वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ससारख्या संस्था उभ्या राहिल्या, रस्त्यावर जाऊन मलमपट्टी, रेबीजची लस, नसबंदी. १९९४ पासून मारण्याऐवजी नसबंदी हा मार्ग शहराने धरला, १९९८ ला हायकोर्टाने त्यावर शिक्का मारला, आणि २००१ ला केंद्राने त्याच १९६० च्या कायद्याखाली नियम काढले की कुत्रं पकडायचं, नसबंदी आणि लस करायची, कानाला खाच मारायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. ज्या कायद्याने मारायला परवानगी दिली होती त्याच कायद्याच्या पोटातून हे निघालं!

वाट सरळ नव्हती. डिसेंबर २००८ ला मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की उपद्रवी कुत्री मारायचा अधिकार पालिकांना आहे, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. २०१४ च्या गणतीत मुंबईत ९५ हजारांच्या आसपास कुत्री निघाली, दहा वर्षांनंतरच्या पाहणीत साधारण ९० हजार. टीकाकार म्हणतात एवढंच का, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे, चावा बसलेल्या पोराच्या आईला आकडेवारी सांगून काही होत नाही. पण शहर किती वाढलं, कचरा किती वाढला ते बघा आणि नसबंदी सगळ्या वॉर्डांत सारख्या नेटाने कधी झालीच नाही हेही बघा.

२०२३ च्या नवीन नियमांत खायला घालायच्या जागेचंही आलं. सोसायटीने जागा ठरवून द्यायची, लहान मुलं खेळतात तिथे, जिन्यात, गेटवर नाही, आणि वेळही अशी की गर्दी नसेल. हे दोन्ही बाजूंनी नीट वाचलं तर अर्धी भांडणं मिटतील, पण फीडरला वाटतं कुठेही घालायचा हक्क आहे आणि कमिटीला वाटतं बंदी घालता येते, दोन्ही चूक.

मग २०२५. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिल्लीची सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं, २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने ते बदललं, नसबंदी आणि लस करून परत सोडा, रेबीज झालेली किंवा हल्ला करणारी वगळून, आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्या. नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, बस डेपो, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि तिथे परत सोडू नका असा आदेश आला. मुंबईत स्टेशनबाहेर आणि हॉस्पिटलच्या आवारात किती कुत्री वर्षानुवर्षं राहतात हे सगळ्यांना माहितीये, त्यांना ठेवायला शेल्टर कुठे आहेत हा प्रश्न आता पालिकेपुढे आहे.

आणि दंडाचं म्हणाल तर २०२२ ला शिक्षा वाढवायचा मसुदा केंद्राने लोकांपुढे ठेवला होता, त्याचा कायदा झालेला नाही. त्यामुळे कोणी कुत्र्याला विष घातलं, पाय तोडला, तर चौकीवर फक्त १९६० च्या कायद्याचं नाव घेऊन थांबू नका, भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ड्युटीवरच्या साहेबांना पटकन आठवत नसेल तर मोबाईलवर उघडून दाखवा, आणि एफआयआरची कॉपी घेतल्याशिवाय निघू नका.