एक्टोपिक ठोके: होल्टरच्या अहवालात नेमके काय पाहायचे?

होल्टर, म्हणजे छातीला तारा लावून दिवसभराचा ईसीजी नोंदवणारे यंत्र. त्याचा अहवाल हाती आला की बहुतेक जण शेवटच्या दोन ओळी वाचून फाइल मिटतात. खरे महत्त्व दोन आकड्यांना आहे: २४ तासांतले एकूण ठोके आणि त्यांतले 'व्हीई' किंवा 'पीव्हीसी', म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून वेळेआधीच निघालेले ठोके. इथे एक्टोपिक म्हणजे हेच. एकूण ९८,४०० आणि व्हीई १७,७०० असतील तर प्रमाण १८ टक्के. यालाच बर्डन म्हणतात. १० टक्क्यांच्या आत हृदयाच्या स्नायूला सहसा इजा होत नाही, २०-२५ टक्क्यांच्या पुढे धोका स्पष्ट वाढतो. तरी २५ टक्के असूनही हृदय ठणठणीत, असेही अनेक जण असतात.

नेहमीच्या ठोक्यात विजेचा संदेश खास तंतूंमधून धावतो आणि दोन्ही खालचे कप्पे जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात. पीव्हीसी स्नायूतच उगवतो, त्यामुळे संदेश पेशीतून पेशीत रांगत जातो. ईसीजीवर तो म्हणूनच रुंद, ०.१२ सेकंदाहून जास्त दिसतो. एक भिंत आवळते तेव्हा समोरची अजून सैल असते, आणि काही जोर तिला ताणण्यातच वाया जातो. शिवाय ठोका लवकर पडल्याने कप्पा पुरता भरलेलाही नसतो. पुढच्या विरामात रक्त जास्त साठते आणि नंतरचा ठोका दणका देतो. 'ठोका चुकला' असे वाटते ते या दोन्हींमुळे. दिवसाला १५-२० हजार वेळा, महिनोन्महिने हे चालले, की डावा कप्पा फुगू लागतो आणि इजेक्शन फ्रॅक्शन (ईएफ), म्हणजे भरलेल्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते तो आकडा, ५० टक्क्यांखाली उतरू शकतो. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नसते तरीही.

गंमत अशी, की ज्यांना प्रत्येक ठोका जाणवतो ते लवकर डॉक्टर गाठतात. ज्यांना काहीच जाणवत नाही त्यांचे निदान मात्र ठाणे स्टेशनचा पूल चढताना दम लागू लागल्यावर होते.

घरच्या यंत्रांचा घोळ वेगळाच. अर्धवट भरलेल्या कप्प्याचा ठोका मनगटापर्यंत पोहोचतोच असे नाही. दर दुसरा ठोका एक्टोपिक असेल, तर ईसीजीवर ८० ठोके असताना ऑक्सिमीटर ४० दाखवू शकतो. असा आकडा पाहून मनानेच गोळी बंद करू नका. आधी ईसीजी काढा. चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर होल्टरच्या तारखेची वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.

होल्टर लावून रविवारी सोफ्यावर पडून राहणे म्हणजे तपासणी वाया घालवणे. वाशीची लोकल पकडा, तलावपाळीच्या फेऱ्या मारा, त्रास झाला की वेळ लिहून ठेवा. आंघोळ नको. मे महिन्यातल्या घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून छातीवरचे केस काढून कातडी कोरडी करून घ्यावी. बर्डन रोज सारखे नसते. शंका उरली तर जास्त दिवसांचे रेकॉर्डिंग करतात.

टू-डी इकोतही, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतही, एक खाच आहे. ईएफ एक्टोपिक ठोक्यावर मोजला तर कमी येतो, त्याच्या लगेच नंतरच्या ठोक्यावर मोजला तर जास्त. एक्टोपिक सतत पडत असतील तर आकडा कोणत्या ठोक्यांवरचा आहे, हे विचारायला संकोचू नका.

उपचारांआधी पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि थायरॉइड पाहतात. औषधांत बीटा-ब्लॉकर बहुधा पहिला. ईएफ उतरलेला असेल तर व्हेरापामिल टाळतात, आणि स्नायूवर जुन्या इजेचा व्रण असेल तर फ्लेकेनाइडही. ठोके एकाच जागेहून, विशेषतः उजव्या कप्प्याच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवरून निघत असतील, तर जांघेतल्या शिरेतून कॅथेटर नेऊन ती जागा जाळतात; त्या जागी यशाचे प्रमाण चांगले आहे. ईएफ सहसा ४-६ महिन्यांत सावरतो, काहींना जास्त वेळ लागतो. तेव्हा होल्टर आणि इको दोन्ही पुन्हा करायचे. एक्टोपिक जवळपास संपूनही ईएफ हललाच नाही, तर स्नायू आधीच कमकुवत होता आणि ठोके त्याचा परिणाम होते, ही शक्यता वाढते. मग एमआरआय झाला नसेल तर तो करून व्रण शोधावा लागतो.